फरकाचा रकाना

रुवीत, बँकांच्या रस्त्यामागे, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही चौघं, एक विंडो एसी, एक व्हीसीआर.
गुरुवारी रात्री मुकादम कॅसेट लावायचा,
त्याच्या मेव्हण्यानं खेडला टीव्हीवरून भरलेली:
सुरुवातीला बातम्यांचं शेपूट,
मधेच वीज गेल्याची काळी पट्टी,
आणि मग टिपणिसांच्या दिवाणखान्यातलं हसू,
आधीच कुणीतरी हसून ठेवलेलं.

मी पंपांच्या सुट्या भागांचा स्टोअरकीपर.
दिवसभर बिन कार्डावरचा आकडा आणि फळीवरचा माल,
लाल पेनानं फरकाचा रकाना.
ती खोड रात्री थोडीच सुटते?
वहीच घातली.

भाग चार. टिपणीस अर्धा कप चहा पितात,
वहिनी 'अहो' म्हणतात,
कप काठोकाठ.
भाग नऊ. रात्रीचं जेवण, घड्याळात दहा वाजून दहा.
भाग अकरा. दूधवाला दारात, घड्याळात दहा वाजून दहा.
भाग चौदा. बाहेरून घर बैठं, कौलांची एकच उतरण.
आत मात्र जिना.
'थांबव, थांबव!' मी ओरडायचो.
पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा थरथरायच्या
आणि जिना त्यांच्यामधे अडकून.

कपावर मुकादमचं म्हणणं वेगळं होतं.
'दोन शॉटच्या मधे कुणीतरी येतो,
किटली घेऊन, वाकून,
भरतो नि जातो.
त्याचं नाव शेवटच्या पाट्यांत येत नाही.
त्याला चूक नको म्हणूस, स्टोअरकीपर.'
मी तरी लाल पेनानंच लिहिलं.

भाग सहा.
थोरला मुलगा, नंदन, बॅट घेऊन जिना चढतो.
आई म्हणते, 'आधी पाय धू रे.'
त्यानंतर तो खाली येत नाही.
सातात नाही, आठात नाही, तेविसापर्यंत नाही.
ताटं तीनच मांडतात.
कुणी विचारत नाही.
धाकटा त्याचा चौकटीचा स्वेटर घालून हिंडतो.

'अरे, पोरगा गेला कुठं?' मी वही आपटली.
मुकादम कांदा चिरत होता,
मान न वळवता म्हणाला,
'जातोय कुठं? मस्कतला आला असेल.'

इतके हसलो
की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली.
मग एकेक करत गप्प झालो.
कॅसेटमधले हसतच होते.

त्या मे महिन्यात सुट्टीवर गेलो.
आईनं पाच पाट मांडले,
क्षणभर थांबली, मोजले,
मग सहावा आणायला आत गेली.
भावाच्या अंगावर माझा निळा शर्ट होता.
त्याला तो बरा दिसत होता.
हे मी कुठं लिहिलं नाही.

आता मुकादम खेडला असतो, गुडघ्यांसकट.
व्हीसीआर कुणी नेला आठवत नाही.
मी अजून रुवीत, दुसऱ्या कंपनीत,
फरक आता संगणक काढतो.
परवा फोनवर ती मालिका सापडली,
धुऊनपुसून लख्ख केलेली,
वहिनींच्या साडीचा रंग हिरवा होता, इतक्या वर्षांत कळला.

भाग सहा लावला.
नंदन चढतो. आई म्हणते, पाय धू.
दृश्य पुढं सरकतं, टिपणीस पेपर उलगडतात,
आणि वर, डाव्या कोपऱ्यात,
जिथं आमच्या कॅसेटमधे नुसता काळोख होता,
तिथं एक कोपर.

जिना सातव्या पायरीवर संपतो.
पुढं प्लायवुड.
तो तिथंच उभा आहे, भिंतीला चिकटून,
बॅट पोटाशी धरून,
खालचं सगळं आटपेपर्यंत
हलू नको सांगितल्यासारखा.

तीन वेळा मागं नेऊन पाहिलं.
चित्र थांबवून मुकादमला पाठवलं.
कोपराभोवती लाल गोल काढून.

एकच करडी खूण.
रात्रभर एकच.
तिकडं वीज गेली असेल.